धार लावणाऱ्याचा हिशेब

परवा पुन्हा विषय निघाला, डोनटच्या दुकानात.
बाहेर उणे एकतीस,
आत नऊ माणसं आणि दहा मतं:
वीलरला विकला ते बरं झालं की नाही.

'विकला' म्हणायचं नाही, मॅनेजर सांगतो.
शब्द आहे ट्रेड.
त्या जानेवारीत हॅल्डेन बॅजर्सनी
एकोणीस वर्षांचा कर्णधार दिला
आणि सतरा वर्षांचा एक गोलकीपर घेतला,
शिवाय पुढल्या ड्राफ्टमधली दोन नावं,
जी तेव्हा नावंही नव्हती,
कुठेतरी सातवीच्या वर्गात बसून
भागाकार चुकत होती.

हातचं सोडून पळत्याच्या मागे, ऑल्गा म्हणाली होती.
तिच्याच घरी राहायचा तो, तळघरातल्या खोलीत, तीन हिवाळे.
बस सुटायच्या आधी तिनं त्याला
पेरोगींचा डबा दिला, गोठवलेल्या,
आणि रिकामा डबा परत पाठव असं बजावलं.
डबा आला नाही.
तो हिशेबात धरायचा का, हे कुणी सांगत नाही.

मी ओरेस्ट. रिंकच्या जिन्याखाली माझं यंत्र.
सव्वीस वर्षं स्केट्सना धार लावतोय.
लोक गुणतक्ता बघतात, मी पातं बघतो.
पातं खोटं बोलत नाही.
फार बोलतही नाही म्हणा.

तर पहिला हंगाम: शेवटून पहिले.
तिसरं सत्र अर्धं व्हायच्या आत
पार्किंगमधल्या गाड्या सुरू झाल्याचा आवाज आत यायचा.
मॅनेजर म्हणाला, पुनर्बांधणी.
आमच्याकडे जळलेल्या धान्यकोठाराची करतात ती,
आणि तिलाही एक उन्हाळा पुरतो.

दुसऱ्या हंगामात गोलकीपर ओलेक्सिन
चार इंच वाढला. जाळी अचानक लहान दिसू लागली.
दोन नावांपैकी एकाचा गुडघा सप्टेंबरातच गेला;
त्याचे स्केट्स अजून माझ्या फळीवर आहेत,
आठ नंबर, एकदाच धार लावलेले.
दुसरं नाव उत्तरेकडून आलं, ला रोंजहून:
जॅरेट चार्ल्स, ओल्या कपड्यांसकट साठ किलो.
त्याच्या पात्याची आतली कड दर दोन दिवसांनी बोथट.
म्हणजे पोरगा वळतो, थांबतो, पुन्हा वळतो,
कुणी बघत नसतानासुद्धा.
मी कुणाला बोललो नाही,
पण त्या रात्री मॅनेजरला
मनातल्या मनात अर्धी माफी दिली.

मग मागच्या वसंतात प्लेऑफ, सात वर्षांनी.
सहाव्या सामन्यात हरलो, ओव्हरटाइममध्ये,
पक ओलेक्सिनच्याच पॅडला लागून आत.

वीलर असता तर?
वीलर असता तर ओलेक्सिन नसता,
आणि सहावा सामनाच नसता.
असं मी सगळ्यांना ऐकवतो.
मग घरी जाताना मला त्याचा तो पास आठवतो,
न बघता मागे सोडलेला,
आणि माझंच म्हणणं मला पटेनासं होतं.

विषय निघाला कारण तो परत आलाय.
किनाऱ्यावरच्या त्या संघानं त्याला
पुढच्याच वर्षी आणखी कुणाला देऊन टाकलं.
आता मामाचा धान्याचा ट्रक चालवतो,
बुधवारी रात्री म्हाताऱ्यांबरोबर खेळतो.
जुने स्केट्स काउंटरवर ठेवले त्यानं,
आणि हातमोजा दातांनी ओढत
अगदी सहज विचारलं,
"ओरेस्ट, मी महाग गेलो की स्वस्त?"

मी यंत्र सुरू केलं.
चाकाच्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही.
डाव्या पात्याची बाहेरची कड झिजलेली,
होती तशीच.
"अजून डावीकडे झुकतोस," मी म्हणालो.

त्यानं सात डॉलर काढले.
मी नको म्हणालो. मग घेतले.
बाहेर त्याचा ट्रक सुरूच होता.